जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आणि पिका बॅकअप : सहा महिन्यांच्या वापरानंतर

मी सांगलीत राहते आणि मुद्रितशोधनाचे व डीटीपीचे काम घरूनच करते. माझा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. त्यात सहाव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क अशी सामग्री होती आणि विंडोज १० वर तो माझ्या कामाला पुरेसा चालत होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले. विंडोज ११ साठी अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे माझे यंत्र त्या यादीत बसत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.२ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि घरातल्या सर्व फायलींचा बॅकअप पिका बॅकअप या प्रोग्रॅमकडे सोपवला. हे परीक्षण या दोन्हींच्या रोजच्या वापरावर आधारलेले आहे.

आधी बॅकअपबद्दल लिहिते, कारण ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घ्यावी हा प्रश्न मला त्यानंतरचा वाटतो. सिस्टीम बिघडली तर अर्ध्या दिवसात पुन्हा टाकता येते. फायलींचे तसे नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागातल्या आमच्या तळमजल्यात पाणी शिरले तेव्हा घरचा डेस्कटॉप टेबलाखाली होता आणि त्याचा बॅकअप असलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क त्याच खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. लॅपटॉपची पिशवी तेवढी खांद्याला लावून आम्ही बाहेर पडलो. परत आलो तेव्हा दोन्हींमध्ये गाळ बसलेला होता. बाबांनी निवृत्तीच्या आधी आणि नंतर लिहिलेले सगळे ललित लेख याच दोन ठिकाणी होते. पुण्याला ताईकडे मी २०११ साली राइट करून दिलेली एक डीव्हीडी निघाली, म्हणून तोपर्यंतचे लेखन परत मिळाले. पुढच्या आठ वर्षांतले काही लेख दिवाळी अंकांच्या संपादकांना पाठवलेल्या ईमेलमधून गोळा झाले. बाकीचे गेले.

पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला बॅकअपचा एक नियम आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यातली एक प्रत घराबाहेर. पुरापूर्वीही हा नियम मला ठाऊक होता. त्यातला तिसरा भाग आमच्या घरी योगायोगाने, एका जुन्या डीव्हीडीमुळे पाळला गेला होता. आता तो योगायोगावर सोडायचा नाही, एवढे ठरवूनच मी या वेळची निवड केली.

विंडोज १० संपल्यावर माझ्यासमोर चार मार्ग होते. पहिला मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे तसेच चालवणे. त्यासाठी ३० डॉलर भरावे लागतात, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन-इन करून विंडोजची सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडशी जोडली तर ती सोय पैशांशिवाय मिळते. ज्यांना वर्षभरात नवा लॅपटॉप घ्यायचाच आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा. तो सरळ आहे. दुसरा मार्ग नवीन लॅपटॉपचा. तिसरा मार्ग बाजारपेठेतल्या एका दुकानात सुचवला गेला. विंडोज ११ च्या यादीत न बसणाऱ्या यंत्रावरही ते तपासणी चुकवून ‘टाकून देतो’ असे तेथे सांगण्यात आले. असे करता येते हे खरे आहे. परंतु अशा यंत्रांना पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्यावर दुसऱ्यांची हस्तलिखिते आहेत अशा यंत्रावर मी तो धोका पत्करणार नाही. चौथा मार्ग लिनक्स मिंट.

मिंट टाकण्यापूर्वी केलेली एक गोष्ट मी प्रत्येकाला करायला सांगेन. मी जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट केली नाही. ती लॅपटॉपमधून काढली, अँटी-स्टॅटिक पिशवीत घातली, वर तारीख लिहिली आणि कपाटात ठेवली. लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची नवीन एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, बसवून मिंट त्यावर टाकले. मिंट पसंत पडले नसते तर जुनी डिस्क पुन्हा लावून दहा मिनिटांत मी होते तेथे पोचले असते. नऊ-दहा वर्षांच्या लॅपटॉपला एसएसडीमुळे जो वेग येतो तो वेगळाच, पण माझ्या दृष्टीने खरा फायदा हा की, ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याच्या सर्वांत धोक्याच्या दिवशी मूळ डेटाला कोणाचाही हात लागला नाही. काही वर्षांपूर्वी एका दुरुस्तीच्या दुकानात आमचे यंत्र ‘फक्त विंडोज नवीन टाका’ असे सांगून दिले असता, सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हवरही फॉरमॅट मारला गेला होता. तेव्हापासून भरलेली डिस्क मी कोणाच्याही हाती देत नाही.

फायली नव्या डिस्कवर उतरवताना एक अडचण आली, जी इंग्रजी नावे देणाऱ्यांना सहसा येत नाही आणि म्हणून तिच्याबद्दल लिहिलेलेही कमी आढळते. दिवाळी अंकाच्या कामात मी फाइलला लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखकाचे नाव आणि कितवे प्रूफ आहे ते, असे सगळे मराठीत लिहून नाव देते. डिस्कवर फायली साठवण्याच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाइलच्या नावाला २५५ चिन्हांची मुभा असते. लिनक्सच्या एक्स्ट-४ पद्धतीत मर्यादा २५५ बाइटची असते, आणि युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे मर्यादा प्रत्यक्षात ८५ चिन्हांवर येते, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जाते. परिणाम असा झाला की चाळीस-बेचाळीस फायलींपाशी कॉपी करणे थांबले आणि नाव फार लांब असल्याचा संदेश आला. मी त्या वेळी पडद्यासमोर होते म्हणून हे कळले. ‘वगळा’ हे बटण सवयीने दाबले असते तर त्या फायली मागेच राहिल्या असत्या. मराठीत लांब नावे देणाऱ्यांनी ती विंडोजमध्ये असतानाच छोटी करून घ्यावीत आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या ताडून पाहावी.

दुसरी गोष्ट फॉन्टची. बाबांचे २०११ पूर्वीचे सगळे लेखन श्री-लिपीत आहे. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत, शाळांत आणि छापखान्यांत त्या काळातला मजकूर श्री-लिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडून आहे. या फायलींत मराठी अक्षरे साठवलेली नसतात. रोमन चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात आणि त्या क्रमांकांच्या जागी मराठी आकृती दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही तिच्यात चिन्हांचा निरर्थक कचरा दिसतो. म्हणून अशा घरातला बॅकअप फॉन्टच्या फायलींशिवाय पुरा होत नाही. फॉन्ट ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतात, सी ड्राइव्हवर विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात, आणि फॉरमॅट मारताना नेमके तेच जातात. मी ते वेगळ्या फोल्डरमध्ये काढून बॅकअपमध्ये घेतले आणि मिंटमध्येही बसवले. वर्डसारखेच काम करणाऱ्या लिबरऑफिसमध्ये जुन्या वर्ड फायली त्यानंतर नीट दिसू लागल्या. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फायलीही लिबरऑफिस उघडते, पण मांडणी जागेवर राहीलच असे नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे कामही मी सुरू केले आहे; मात्र रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासल्याशिवाय मूळ फाइल टाकून देऊ नये, कारण जुन्या फॉन्टमध्ये ही चिन्हे दिसण्याच्या क्रमाने टंकलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नव्हे, आणि रूपांतर नेमके तेथेच चुकते.

आता मिंटबद्दल. क्लेमां लफेव्र यांनी २००६ साली सुरू केलेली ही लिनक्सची आवृत्ती उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या आवृत्तीवर आधारलेली आहे. २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर बेतलेली असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. माझ्यासारखीला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. सिनॅमन ही तिची मुख्य आवृत्ती विंडोज वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. अगदी जुन्या, ४ जीबी रॅमच्या यंत्रांसाठी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. डाउनलोड सुमारे ३ जीबीचे आहे. ते पेन ड्राइव्हवर लिहून त्यावरूनच लॅपटॉप सुरू करता येतो आणि डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, ब्लूटूथ सगळे चालते का ते पाहता येते. मी दोन संध्याकाळी असेच वापरून पाहिले. डाउनलोड केलेली फाइल अस्सल आहे का हे मात्र मिंटच्या संकेतस्थळावर दिलेल्या पद्धतीने तपासावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या संकेतस्थळात घुसून कोणीतरी डाउनलोडच्या जागी भेसळ केलेली फाइल लावली होती, आणि मिंटच्या लोकांनी ते उघडपणे जाहीर केले होते. जाहीर करणाऱ्यांवर माझा विश्वास बसतो, तरीही तपासणी सोडू नये.

मराठी टंकलेखनाची सोय चांगली आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही आराखडे आहेत. माझा हात इनस्क्रिप्टवर बसलेला असल्याने पहिल्याच दिवशी काम सुरू झाले.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. इनडिझाइन आणि फोटोशॉप लिनक्सवर नाहीत, श्री-लिपी आणि आयएसएमचे मूळ प्रोग्रॅम नाहीत, टॅली नाही. यांतल्या कशावर तुमचे पोट अवलंबून असेल तर मिंट हे तुमचे मुख्य यंत्र होऊ शकत नाही. मी ही गाठ अशी सोडवली की मिंटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स हा, एका सिस्टीमच्या आत दुसरी चालवणारा प्रोग्रॅम बसवून त्यात जुने विंडोज १० ठेवले आणि त्याचे इंटरनेट पूर्ण बंद केले. जुनी पाने उघडून पीडीएफ काढण्यापुरते ते चालते, मात्र ८ जीबी रॅममध्ये ते सुरू असताना दुसरे जड काम करता येत नाही. आमच्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर दोन दिवस खटपट करूनही नीट चालला नाही. छपाई मी आता पीडीएफ करून झेरॉक्सच्या दुकानात काढून आणते. प्रिंटर रोज लागणाऱ्यांनी पेन ड्राइव्हवरच्या चाचणीत सर्वांत आधी त्याची परीक्षा घ्यावी.

मिंटबरोबर टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम येतो आणि त्याबद्दल गैरसमज फार आहे. तो सिस्टीमचे स्नॅपशॉट घेतो, म्हणजे एखादे अपडेट बिघडले तर कालच्या स्थितीत परत जाता येते. जानेवारीत एका अपडेटनंतर माझ्या लॅपटॉपचा आवाज गेला तेव्हा पंधरा मिनिटांत मी आदल्या दिवसावर परतले. या कामासाठी तो उत्तम आहे. परंतु तुमच्या घरच्या फोल्डरमधल्या फायली, म्हणजे फोटो, लेख, हिशेब, तो मूळ मांडणीत घेतच नाही. टाइमशिफ्ट हिरवे चिन्ह दाखवते म्हणून आपला बॅकअप झाला असे समजणारी दोन माणसे माझ्याच ओळखीत आहेत. त्यातून हे स्नॅपशॉट बहुधा त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की तेही गेले.

फायलींसाठी पिका बॅकअप. हा प्रोग्रॅम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतो आणि फुकट आहे. वरचा चेहरा साधा, चार बटणांचा. आत काम करतो तो बोर्ग हा बॅकअपचा मूळ प्रोग्रॅम, जो लिनक्सच्या जगात बरीच वर्षे रुळलेला आहे. बोर्ग फायलींचे तुकडे करतो आणि जो तुकडा आधीच डिस्कवर आहे तो पुन्हा लिहीत नाही. त्यामुळे माझ्या ३१० जीबीच्या पहिल्या बॅकअपला सुमारे चार तास लागले, पण त्यानंतर रोजचे काम पाच-सात मिनिटांत संपते, आणि तरीही प्रत्येक दिवसाची प्रत वेगळी उघडता येते. एकाच पुस्तकाची पाचवी, सहावी, सातवी प्रुफे ठेवणाऱ्या माझ्यासारखीला हे फार सोयीचे आहे. सहा महिन्यांत बॅकअपने मूळ डेटापेक्षा फारशी जास्त जागा घेतलेली नाही.

बॅकअप पासवर्डने कुलूपबंद करता येतो. मी तो केला, कारण डिस्क घराबाहेर जाणार होती. पासवर्ड हरवला तर आतले काहीही कोणालाही उघडता येणार नाही, ‘पासवर्ड विसरलात?’ असे बटण येथे नाही. तो मी कागदावर लिहून दोन घरांत ठेवला आहे. रोजच्या वेळेला डिस्क जोडलेली नसेल तर पिका राहिलेल्या बॅकअपची आठवण देतो. आमच्याकडे पावसाळ्याआधीच्या वळवाच्या दिवसांत वीज जाते, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. एप्रिलमध्ये बॅकअप चालू असतानाच यंत्र बंद पडले. वीज आल्यावर पुन्हा सुरू केले तेव्हा आधीच्या सगळ्या प्रती शाबूत होत्या.

पिकाची मर्यादा अशी की तो पूर्ण सिस्टीम परत उभी करत नाही, आणि तसे त्याचे कर्ते स्वतःच सांगतात. मला ते चालते. मिंट पेन ड्राइव्हवरून पुन्हा टाकायचे, पिका बसवायचा, फायली परत घ्यायच्या, असा माझा क्रम आहे. दुसरी मर्यादा म्हणजे गूगल ड्राइव्हसारख्या क्लाउडवर तो थेट बॅकअप घेत नाही. त्यासाठी मी देजा दुप हा वेगळा प्रोग्रॅम वापरते आणि चालू कामाचे ६ जीबीचे फोल्डर पासवर्डसह गूगल ड्राइव्हवर पाठवते. देजा दुप अधूनमधून सगळा बॅकअप नव्याने चढवतो, आणि आमच्या इंटरनेटवर त्या दिवशी संध्याकाळ त्यात जाते. शिवाय गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, फोटो आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप या सगळ्यांत मिळून असतात, तेव्हा घरातल्या फोटोंची भिस्त त्यावर ठेवता येत नाही.

येथे एका गोष्टीवर जोर द्यावासा वाटतो. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह फोल्डरशी जोडून ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. तेथे फायली दोन्हीकडे एकसारख्या ठेवल्या जातात, त्यामुळे इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते आणि ३० दिवसांनी कचरापेटीतूनही जाते. ज्या प्रूफची आठवण लेखकाला सहा महिन्यांनी होते, ते अशा ठिकाणी सापडत नाही. त्याचप्रमाणे बॅकअपची डिस्क चोवीस तास यंत्राला जोडून ठेवू नये. जून २०१७ मध्ये नोटपेट्या या घातक प्रोग्रॅमच्या हल्ल्याने जगभरातली यंत्रे निकामी केली आणि आपल्याकडे मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. असे प्रोग्रॅम जोडलेल्या प्रत्येक डिस्कपर्यंत पोचू शकतात. काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत ते पोचत नाहीत.

विंडोज ११ वरच राहणाऱ्यांसाठी फाइल हिस्टरी ही जुनी सोय अजून आहे, पण ती कंट्रोल पॅनेलमध्ये शोधावी लागते. समोर दिसणारा विंडोज बॅकअप हा प्रोग्रॅम वनड्राइव्हकडे नेतो, जेथे फुकटची जागा ५ जीबी आहे. या बाबतीत ॲपलचे टाइम मशीन अधिक चांगले आहे. २००७ पासून मॅकबरोबर येणारी ही सोय डिस्क जोडली की स्वतःहून विचारते, शेवटच्या दिवसाच्या तासातासाच्या, महिन्याच्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्याच्या प्रती ठेवते. घरात मॅक असेल तर वेगळे काही शोधू नये.

माझ्याकडे आता २ टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहेत. दोन्ही मुद्दाम जुन्या पद्धतीच्या फिरत्या तबकडीच्या घेतल्या, कारण विजेशिवाय दीर्घकाळ पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा टिकण्याचा भरवसा कमी असतो. एक माझ्याकडे, माळ्यावरच्या कपाटात. दुसरी पुण्याला ताईकडे. दर दोन-अडीच महिन्यांनी कोणी ना कोणी येते-जाते, तेव्हा त्यांची अदलाबदल होते. प्रत्येक वेळी मिंटमधल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती तपासते, आणि कोणतीही एक जुनी फाइल परत काढून उघडून पाहते.

ही व्यवस्था चार महिने चालल्यावर माझ्या लक्षात आले की पुण्याच्या डिस्कला एक मोठा दोष आहे. ताईचा लॅपटॉप विंडोज ११ चा. एक्स्ट-४ पद्धतीची डिस्क तो वाचत नाही, आणि ती वाचता आली असती तरी बोर्गचा कुलूपबंद बॅकअप उघडायला तिच्याकडे साधन नव्हते. सांगलीतले सगळे गेले आणि मी बोलण्याच्या स्थितीत नसले, तर ती डिस्क तिच्यासाठी एक बंद डबा ठरली असती. म्हणून पुढच्या खेपेला मी दोन्ही डिस्कचे दोन भाग केले. लहान भाग एक्सफॅट पद्धतीचा, विंडोज आणि मॅक दोन्हींना वाचता येणारा. त्यात घरचे फोटो, बाबांच्या लेखांच्या पीडीएफ आणि मराठीत लिहिलेले दोन पानांचे सूचनापत्र, सगळे उघडे. मोठ्या भागात पिकाचा बॅकअप. त्याच पाउचमध्ये मिंटचा पेन ड्राइव्ह ठेवला.

मार्चमध्ये एका रविवारी आम्ही फोनवरून याची परीक्षा घेतली. मी फक्त ऐकायचे, ताईने कागद वाचून करायचे असे ठरले होते. आधी तिने बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घेतली, कारण बूटची सेटिंग्ज हलवली तर विंडोज ती मागू शकते. यंत्र सुरू होताना सिस्टीम अस्सल आहे का ते पाहणारी सिक्युअर बूट ही तपासणी चालू असतानाही मिंट सुरू होते, त्यामुळे की लागली नाही. पेन ड्राइव्हवरून मिंट आले, वाय-फाय जोडले, पिका उतरवला. पासवर्डमधला एक शून्य तिने आधी ‘ओ’ वाचला. मी माझ्याकडच्या कागदावर तेथेच रेघ ओढून ठेवली. चाळीस मिनिटांनी बॅकअप उघडला आणि तिने बाबांचा १९९८ सालचा एक लेख काढला.

“अगं, यात नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतायत,” ती म्हणाली.

सूचनापत्रातले शेवटचे कलम तिने वाचायचे राहिले होते. तिने बॅकअपमधले फॉन्टचे फोल्डर उघडले, फॉन्टवर दोनदा क्लिक करून तो बसवला, लिबरऑफिस बंद करून पुन्हा सुरू केले, आणि मग लेखाचे पहिले वाक्य मला फोनवर वाचून दाखवले.